गाडीचं पॉलिश: किती काढायचं आणि कुठे थांबायचं

काळी किंवा गडद निळी गाडी दुपारच्या उन्हात उभी करून बॉनेटकडे बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. सावलीत नेली की त्या गायब. खरं तर या रेघा गोल नसतातच. सगळ्या दिशांनी पडलेल्या ओरखड्यांपैकी प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. गल्लीत धूळ उडते, सकाळी गाडी पुसणारा तीच धूळ कोरड्या फडक्याने रंगावर फिरवतो, आणि वर्ष-दोन वर्षांत नवी गाडी अशी दिसायला लागते.

यावर बहुतेक ठिकाणी 'रबिंग-पॉलिश' करून देतात. लोकरीचं पॅड, सरळ गोल फिरणारं बफिंग मशीन, एकच जाडं कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, आणि वरून तेलकट ग्लेझ. संध्याकाळी गाडी आरशासारखी दिसते आणि तिसऱ्या धुण्याला रेघा परत वर येतात, कारण त्या गेलेल्याच नसतात, ग्लेझने बुजलेल्या असतात. शिवाय लोकरीच्या पॅडने उठवलेले लांबट चमकदार पट्टे, ज्यांना होलोग्राम म्हणतात, ते नव्याने आलेले असतात.

पॉलिश म्हटलं की काहीतरी चोपडायचं असं वाटतं. प्रत्यक्षात रंगाचा वरचा थर झिजवला जातो. पत्र्यावर आधी गंजापासून वाचवणारा ई-कोट असतो, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारं रसायन याच थरात असतं. जाड कंपाउंडचा एक पूर्ण हात २ ते ४ मायक्रॉन काढतो, शेवटचं बारीक पॉलिश एक मायक्रॉनच्या आसपास. क्लिअर कोटचा चौथा हिस्सा गेला की पुढे पॉलिश करायचं नाही, हा नियम धरला तर गाडीच्या अख्ख्या आयुष्यात खर्चायला १० मायक्रॉनच हातात असतात. पुढची सगळी पद्धत या हिशेबावर उभी आहे.

पॉलिशने काय जाणार नाही

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. कडा गोल होऊन थोडा कमी दिसेल, तेवढ्यावर समाधान मानावं. छपरावर किंवा बॉनेटवर पांढरट, पापुद्रे सुटल्यासारखे डाग असतील तर क्लिअर कोट मेला आहे. तिथे मशीन लावलं की डाग मोठाच होतो, इलाज फक्त रीपेंट. खड्यांनी उडालेले टवके पॉलिशने भरत नाहीत. मॅट रंगावर पॉलिश कधीच नाही, तो चट्ट्याचट्ट्यांनी चमकायला लागतो. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पॅनेलला महिनाभर तरी हात लावू नये, वरून कोरडा वाटला तरी रंग आतून पूर्ण कडक झालेला नसतो.

आधी मोजणी

रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर मिळतं. लोखंडी पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही ओळखणारं घ्या, कारण काही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजून कागदावर लिहून ठेवा: बॉनेट, छत, डिकी, चारही दरवाजे, फेंडर.

आकडे वाचायला फार अवघड नाहीत. सगळीकडे १०० ते १३० येत असेल आणि एका दरवाज्यावर २२० आलं, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. ५०० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. ८० च्या खाली आलं तर आधी कुणीतरी भरपूर घासलंय असं समजून फक्त बारीक पॉलिशवर थांबावं.

यात एक फसवणूक आहे. मीटर सगळ्या थरांची बेरीज सांगतं, क्लिअर कोट वेगळा नाही. म्हणून २२० आलं की 'इथे भरपूर माल आहे' असं वाटतं, पण रीपेंट केलेल्या पॅनेलवर खाली जाड प्रायमर आणि वर पेंटरने हात आखडून मारलेला पातळ क्लिअर असू शकतो. मोठ्या आकड्याच्या पॅनेलवरही जपूनच. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालतच नाही.

धुणं आणि खोलवरची सफाई

धुण्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही: आधी प्रेशरने चिखल उडवा, मग वॅक्स नसलेला शाम्पू, दोन बादल्या, एक साबणाची आणि एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायची. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं.

धुऊन झाल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून हलकेच फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून बारीक रव्यासारखा लागेल. ही रंगात रुतलेली घाण. ती न काढता मशीन लावलं तर तीच पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडते.

लोखंडाची भुकटी आयर्न रिमूव्हरने निघते. ब्रेकमधून उडालेले कण रंगात रुतून गंजतात. लोकलच्या रुळांलगत रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ती विशेष दिसते, पांढऱ्या गाडीवर तर नारिंगी ठिपके होऊन. रिमूव्हर सावलीत, थंड पत्र्यावर फवारा. तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ सुटतील. सुकण्याआधी धुऊन टाका. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने भिजवून उचला, खरवडू नका.

बोअरच्या पाण्याचे डाग हा आपल्याकडचा मोठा छळ. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात सुकतो, पाणी उडून जातं आणि क्षारांची पांढरी कडी मागे राहते. सोसायटीच्या बागेचं कारंजं गाडीवर उडत असेल तर काचेवर आणि बॉनेटवर अशी शेकडो कडी दिसतात. नवी कडी आम्लाने विरघळतात: पांढरा व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घ्या, मायक्रोफायबर भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, घासू नका, मग भरपूर पाण्याने धुवा. दोनदा करूनही कडी राहिली तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लेला आहे आणि तिथे खळगा पडलाय. तो पॉलिशने कमी होईल, फार खोल असेल तर राहील. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरणारे वॉशिंग सेंटरवाले असतात. डाग जातो, पण क्रोमची पट्टी काळवंडते आणि अलॉय व्हीलवर चट्टे पडतात.

पक्ष्यांच्या विष्ठेचे आणि झाडाच्या चिकाचे डागही याच जातीचे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर विष्ठा दिवसभर राहिली की रंग खाते आणि तिचा ठसा उमटतो.

शेवटी क्ले, रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. १०० ग्रॅमच्या वडीचे तीन तुकडे करा, एकाची हातात चपाती थापा. पाण्यात थोडा शाम्पू घालून पत्रा ओला ठेवा आणि क्ले सरळ रेषेत, बोटांच्या वजनापेक्षा जास्त जोर न लावता फिरवा. सुरुवातीला खरखर ऐकू येते, ती थांबली की तो भाग झाला. क्ले मळली की घडी घालून नवी बाजू वर आणा. जमिनीवर पडलेला तुकडा सरळ टाकून द्या, शंभर रुपयांसाठी दरवाजा खरडू नका.

गाडी कोरडी करून रबराच्या बीडिंगला, काळ्या प्लास्टिकला, लोगोला आणि पॅनेलच्या धारदार कडांना मास्किंग टेप लावा. काळ्या खडबडीत प्लास्टिकवर सुकलेलं कंपाउंड पांढरं होऊन बसतं आणि टूथब्रशनेही नीट निघत नाही. कडांवर टेपचं कारण वेगळं: रंग मारताना तो धारेवरून ओघळतो, म्हणून तिथला थर आधीच सगळ्यात पातळ असतो.

हत्यारं

नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावं, १५ मिमी थ्रो (पॅड डोलण्याचा पल्ला), ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती). हे पॅड गोलही फिरवतं आणि डोलवतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन जास्त झपाट्याने कापतं, म्हणजे थर झिजवतं, पण ज्याचा हात बसलेला नाही तो त्याने दोन सेकंदांत कड जाळतो.

पॅड तीन जातींची: कापायला मायक्रोफायबर किंवा कडक फोम, मध्यम फोम, आणि शेवटच्या हाताला मऊ फोम. एका हॅचबॅकला प्रत्येक जातीची किमान तीन-चार पॅड लागतात. एकाच पॅडवर अख्खी गाडी उरकणारा माणूस निम्म्यानंतर फक्त चिखल फिरवत असतो. पॉलिश कुठल्या कंपनीचं याने फारसं बिघडत नाही. एकाच कंपनीचं एक कापणारं आणि एक बारीक घ्या. आकड्यांनी गोंधळू नका. मेन्झर्ना या पॉलिश कंपनीच्या बाटल्यांवर ४०० म्हणजे जाड आणि ३८०० म्हणजे अगदी बारीक, आकडा वाढेल तशी धार कमी. हॅचबॅकला एका पायरीसाठी १०० ते १५० मिली पुरतं.

याखेरीज प्रखर एलईडी टॉर्च, ३५० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाचा जाडपणा) वीसेक मायक्रोफायबर फडकी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० ते १५ टक्के मिसळा, म्हणजे लिटरभरात १०० ते १५० मिली. यापेक्षा तीव्र केलं तर मऊ रंग किंचित फुगतो आणि रेघा दडतात, तपासणीच खोटी पडते.

तपासणीचा चौकोन

घाईत सगळ्यात जास्त लोक गाळतात ती हीच पायरी. बॉनेटवर टेपने दीड फुटाचा चौकोन आखा आणि सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने करा: मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. चार फेऱ्या मारून पुसा, अल्कोहोलच्या मिश्रणाने तेल काढा आणि टॉर्च वेगवेगळ्या कोनांतून मारून बघा. तेल न काढता बघितलं तर सगळंच सुंदर दिसतं.

रेघा निम्म्याहून जास्त राहिल्या तर पॅड एक पायरी कडक घ्या, पॉलिश तेच ठेवा. तरीही भागलं नाही तर मग पॉलिश बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. दहापैकी आठ-नऊ रेघा गेल्या की ती जोडी पक्की. उरलेल्या एक-दोन खोल रेघांच्या मागे लागून सगळ्या गाडीवरून आणखी तीन मायक्रॉन काढणं हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तरीही अनेक दुकानं 'शंभर टक्के करेक्शन' हेच विकतात.

अमुक कंपनीचा रंग मऊ, तमुकचा कडक असे ठोकताळे बरेच ऐकू येतात. एका रीपेंट झालेल्या दरवाज्याने ते मोडतात. मीटरने वेगळा आकडा दाखवलेल्या प्रत्येक पॅनेलवर चौकोन नव्याने करा.

मशीन हातात घेतल्यावर

नव्या पॅडवर पॉलिशचे थेंब टाकून बोटाने सगळीकडे पातळ चोळून घ्या. पॅड कोरडं राहिलं तर पहिलाच भाग खरडतं. मग वाटाण्याएवढे चार थेंब. पुढच्या प्रत्येक भागाला तीन पुरतात. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा, तिचा उपयोग लगेच कळेल.

एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवा, एक-दोन नंबरच्या वेगावर पॉलिश पसरवा, मग चार किंवा पाचवर न्या. हाताची चाल सेकंदाला इंचभर. सुरुवातीला ती कंटाळवाणी वाटते, पण भराभर हात मारल्याने फक्त वेळ जातो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. एकदा आडवं, एकदा उभं, असं चार ते सहा वेळा. जोर मशीनच्या वजनाला हाताच्या थोड्या वजनाची जोड देण्याइतकाच. आता ती काळी रेघ बघा. ती फिरताना दिसली पाहिजे. थांबून नुसती थरथरत असेल तर जोर जास्त झालाय किंवा पॅड तिरकं टेकलंय, आणि पॅड गोल फिरत नसेल तर कापही होत नाही. दरवाज्याच्या गोलाईवर आणि फेंडरच्या उठावावर हे हमखास घडतं. तिथे ३ इंची पॅड लावा.

शेवटच्या दोन फेऱ्या जोर काढून घेऊन मारा. पॉलिश तेलाच्या पातळ पापुद्र्यासारखं अर्धपारदर्शक झालं की थांबा, फडक्याची एक बाजू पुसायला, दुसरी झळकवायला. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेलं पॉलिश त्यात साठतं आणि गोळे बनून ओरखडे पाडतं.

बिघडतं ते बहुतेक पुढच्या कारणांनी.

पांढरी पूड उडायला लागली: पॉलिश कमी पडलं, फार वेळ फिरवलं किंवा पत्रा तापला. पुसताना चिकट पट्टे राहिले: पॉलिश जास्त झालं, पॅड भरलं. पावसाळ्यात दमट हवेतही असं होतं, तेव्हा थेंब कमी करा आणि फडकं लवकर बदला. गडद रंगावर धुकं आलं: कापणारं पॅड मऊ रंगाला जड गेलं, ते बारीक हातात निघतं. पॅडचा मधला भाग वेल्क्रोपासून सुटला: उष्णता झाली. पॅड बदला आणि थोडा वेळ थांबा.

उष्णतेसाठी हाताची पालथी बाजू पुरे. भाग झाल्यावर पत्रा कोमट लागला तर ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर थांबा. बंपरवर दुप्पट काळजी. प्लास्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरवत नाही, त्यामुळे ती एका जागी साठून रंग सुरकुततो, आणि तिथे मीटरचा आधारही नसतो. वेग एक नंबर कमी, फेऱ्या दोन कमी.

जागा सावलीची, बंद आणि धुतलेल्या फरशीची हवी. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात हे काम उघड्यावर करूच नये. उन्हातल्या गडद बॉनेटवर पॉलिश पसरण्याआधीच सुकतं. पंखा हवासा वाटेल, पण डोक्यावरच्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ थेट बॉनेटवर येते.

मेटॅलिक गाडीवर काम करताना पॅडला गाडीचा रंग लागलेला दिसला तर तत्क्षणी थांबा, तिथला क्लिअर कोट संपलाय. जुनी अ‍ॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी असेल तर घाबरायचं कारण नाही. त्यांच्या मूळ रंगावर क्लिअर नव्हताच, पॅड रंगणारच. दुसऱ्या रंगाच्या गाडीवर वापरलेलं पॅड लावू नका एवढंच.

कापणीनंतर टॉर्चखाली धुकं दिसलं तरच बारीक पॉलिशचा दुसरा हात: मऊ पॅड, वेग तीन-चार, जोर जवळपास शून्य. हलक्या रंगाच्या गाडीवर बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही. पांढऱ्या हॅचबॅकचं काम एका हातात ७-८ तासांत होतं. काळ्या सेडानला दोन हात आणि दोन पूर्ण दिवस धरा.

वरचं संरक्षण

पॉलिशनंतर रंग उघडा असतो. पूर्ण गाडी अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून त्याच दिवशी काहीतरी लावा. कार्नोबा वॅक्स दिसायला छान, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिन्यांचं. सिंथेटिक सीलंट त्याहून जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंग सगळ्यात जास्त, पण ते खालची प्रत्येक रेघ तशीच बंदिस्त करतं, म्हणून आधीचं काम चोख हवं. लावताना दीड फुटाचा भाग घ्या, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले की पुसा. उकाड्यात आणि दमट हवेत ते भराभर धरतं, कोकण-मुंबईकडे त्याहूनही लहान भाग घ्यावा. उशीर झाला की गडद पट्टा कायमचा बसतो आणि तो काढायला पुन्हा पॉलिशच करावं लागतं. पहिले २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही. कोटिंगने ओरखडे पडायचे थांबतात ही मात्र विक्रेत्याची भाषा. पाणी निथळतं, घाण कमी चिकटते, क्षारांचे डाग तरीही पडतात.

दुकानात देणार असाल तर

काम सुरू होण्याआधीचे मीटरचे आकडे मागा. तपासणीचा चौकोन तुमच्यासमोर करायला सांगा आणि अल्कोहोलने पुसून टॉर्चखाली दाखवायला सांगा. पॅड किती लागतील विचारा. 'तीन तासांत देतो' म्हणाले तर ते ग्लेझ मारणार आहेत. 'टेफ्लॉन कोटिंग फुकट' हेही बहुतेक वेळा त्याच ग्लेझचं भारदस्त नाव असतं.

गाडी घरी आली की रोज पुसणाऱ्याला कोरडं फडकं बंद करायला सांगा. हे अवघड जातं, कारण धूळ दिसली की पुसायची हे त्याच्या पगाराचं काम आहे. मग पगार तोच ठेवून रोजचं पुसणं फक्त काचांपुरतं ठेवा आणि आठवड्यातून दोनदा दोन बादल्यांचं धुणं ठरवा. मिट आणि फडकी तुमचीच द्या, रंग ठरवून: निळं वरच्या भागाला, लाल चाकांना. बोअरचं पाणी असेल तर शेवटची बादली गोड्या पाण्याची, आणि उन्हं चढायच्या आत गाडी कोरडी.

आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद तारीख टाकून आरसी आणि पीयूसीच्या पाकिटात ठेवा. बॉनेट ११८ वरून ११४ वर आलं असेल तर चार खर्च झाले, सहा शिल्लक आहेत. पुढच्या वेळी मशीन धरणाऱ्याला आधी तो कागद दाखवा.